नव्वद दिवसांचं टार्गेट

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला टार्गेटशिवाय झोप लागत नाही. ठेवींचं टार्गेट, कर्जांचं टार्गेट, वसुलीचं टार्गेट, मध्येच कधीतरी विम्याच्या पॉलिसी खपवायचं टार्गेट. निवृत्त झालो त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत टक्क जागा होतो, कारण दुसऱ्या दिवशी झोनल ऑफिसातून फोन करून "काय साहेब, किती झाले?" असं कोणी विचारणार नव्हतं. त्यामुळे मुलीचा फ्रान्सहून फोन आला की, "बाबा, जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे, तुम्ही दोघं या," तेव्हा ही देवापुढे साखर ठेवायला उठली आणि मी डायरी काढायला.

मुलगी-जावई आन्सीला राहतात. तळेगावहून लोक पुण्याला कामाला जातात तसा जावई तिथून रोज जिनिव्हाला जातो. गावाला लागून साडेचौदा किलोमीटर लांबीचं सरोवर, सरोवराभोवती डोंगरांचं कडं, आणि त्या डोंगरांवरून उन्हाळ्यात एकाच वेळी पन्नास-पन्नास रंगीत पंख हवेत. थोडक्यात, पॅराग्लायडिंगवाल्यांचं पंढरपूर. हे मला मुलीचं लग्न ठरतानाच माहीत होतं, असा हिचा आरोप आहे. तो निराधार आहे. जावई मुलीने स्वतःच शोधला, मी फक्त विरोध केला नाही.

मी उडायला शिकलो कामशेतला, पन्नाशी उलटल्यावर. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कापडाचा पंख, त्याला भरपूर दोऱ्या, दोऱ्यांच्या खाली आरामखुर्चीसारखा हार्नेस, हार्नेसमध्ये आपण. इंजिन नाही. उतारावरून पळत सुटायचं, पाय अधांतरी झाले की बसायचं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. ती सापडली की घारीसारखं गोल फिरत वर जायचं. नाही सापडली तर खाली यायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर उंची ही शिल्लक. खर्च दर सेकंदाला चालूच असतो, जमा मात्र दैवाधीन.

या खेळाचा जन्मही आन्सीपासून फार लांब नाही, मियुसी नावाच्या गावात झाला. २५ जून १९७८. ज्याँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसों हे तिघे पॅराशूटवाले. नेमकं उतरण्याचा सराव हवा, पण प्रत्येक उडीला विमानाचा खर्च आलाच. तेव्हा त्यांनी विचार केला, विमान हवंच कशाला? डोंगर फुकट आहे. छत्री उलगडून उतारावरून धावले आणि हवेत गेले. म्हणजे जगातला हा सगळ्यात काव्यमय खेळ मुळात काटकसरीतून निघाला. हे वाचल्यापासून मला ते तिघे सदाशिव पेठेतले वाटत आले आहेत.

तर डायरी. व्हिसा नव्वद दिवसांचा. त्या सगळ्या युरोपी देशांचा मिळून नियमच तो, १८० दिवसांत ९० दिवस, आणि पोहोचतो तो दिवसही त्यांत धरलेला. पंधरा मे ते बारा ऑगस्ट. मी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे टार्गेट, उजवीकडे साध्य. हवेतले एकूण तास: चाळीस. तीन हजार मीटरवरून माँ ब्लां पाहणे. पन्नास किलोमीटरचं एक उड्डाण. पंख हवेत मुद्दाम मिटवून पुन्हा उघडायला शिकवतात, तो सरोवरावरचा कोर्स. आणि सगळ्यात वर, लाल शाईने, दोनदा अधोरेखित: सरोवराला पूर्ण प्रदक्षिणा.

कोर्सची ओळ हिने वाचली. जावयाने उत्साहाच्या भरात त्याचा व्हिडिओही पाठवला होता. त्यात एक मनुष्य सरोवरावर हजारभर मीटर उंचीवर जाऊन पंखाची घडी करतो, गटांगळ्या खातो, आणि खाली होडी तयार असते.

"म्हणजे पैसे देऊन पडायचं?"

"पडायचं नाही गं. पडण्याची रंगीत तालीम असते ती."

"आणि नाटक कधी आहे?"

कोर्सची ओळ मी पेन्सिलने खोडली. पेन्सिलने अशासाठी, की पुढेमागे रबर वापरता येईल.

खरा संघर्ष सामानाचा झाला. तिकिटावर माणशी तेवीस किलो. माझा पंख, हार्नेस, आणीबाणीची छत्री, हेल्मेट मिळून सोळा. हिच्याकडे बाळंतिणीचं सामान: डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, ओवा, मेथी, वेखंड, घुटीची सहाण, आठ दुपटी, आणि मुख्य म्हणजे चार किलो डिंकाचे लाडू. वजनकाट्यावर बॅग चढवून आम्ही दोघं समोरासमोर बसलो. शेवटी तोडगा निघाला. लाडू माझ्या हेल्मेटमध्ये, हार्नेसच्या कप्प्यांत आणि पंखाच्या घड्यांमध्ये गेले. मुंबईला सुरक्षा तपासणीत त्या पोराने मशीनच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पॅराशूट घेऊन विमानात चढणारा म्हातारा त्याने पाहिला असेलही, पण पॅराशूटमध्ये लाडू ठेवणारा नसावा. "काका, हे नक्की कशासाठी?" मी म्हणालो, "दोन्ही बाळंतपणासाठी." त्याने जाऊ दिलं.

पहिलं उड्डाण फोर्कलाच्या खिंडीतून. शेवटी 'झेड' आहे, पण तो उच्चारायचा नसतो. इकडच्या निम्म्या गावांच्या शेपटाला हा मुका झेड लटकलेला असतो. टेकऑफ साधारण साडेबाराशे मीटरवर, उतरायचं दूसारला, सरोवराच्या दक्षिण टोकाशी, साडेचारशेवर. समोर निळंशार सरोवर, मागे २३५१ मीटरचा तूर्नेत, बाजूला दातांच्या कवळीसारखे दिसणारे लांफोंचे सुळके. मी धावलो, उडालो, डोळे भरून आले. बारा मिनिटांत दूसारच्या गवतावर उभा होतो. आठशे मीटरची शिल्लक, सेकंदाला मीटरभराहून थोडा जास्त खर्च, जमा शून्य. हिशेब अगदी चोख.

तिथल्या एका फ्रेंच पायलटने हसून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "प्लूफ!" वाटेत कुठे थर्मल न मिळता सरळ वरून खाली येण्याला तिकडे असं म्हणतात. पाण्यात धोंडा पडल्याचा आवाज. आपल्याकडे डुबुक म्हणतील. शिव्या देण्यातही या लोकांना नाद आहे, हे मला मानावं लागेल.

पहिल्या तीन आठवड्यांत माझ्या नावावर नऊ डुबुक जमा झाले. एकूण हवेतला वेळ दोन तासांच्या आतबाहेर. या वेगाने चाळीस तास व्हायला नव्वद दिवस नव्हे, सव्वा वर्ष लागलं असतं. शिवाय रोज उडायला मिळत नव्हतंच. आल्प्समधली उन्हाळी हवा ही जुन्या कर्जदारासारखी आहे. सकाळी भेटायला गेलात तर हसतमुख, चहा पाजते, "आज देतो" म्हणते. दुपारी तीनला डोंगरांमागून काळा ढग डोकं वर काढतो आणि चारला गडगडाट. कधी दक्षिणेकडून फोन नावाचा कोरडा वारा डोंगर उतरून येतो. आकाश स्वच्छ, लांबची शिखरं हाताला लागतील इतकी जवळ, आणि उडायला गेलात तर खेळ खलास. नवखा माणूस म्हणतो काय सुंदर दिवस आहे, आणि इथले जुने पायलट पंख न उघडता कॉफी पीत बसतात. मी कॉफी पीत बसायला चटकन शिकलो.

चार जूनला नात झाली. उजवीकडच्या रकान्यात मी ती नोंद केली, डावीकडे टार्गेट नसतानाही.

नातीचा आवाज उत्तम आहे. आमच्याकडे हवेत व्हेरिओ नावाचं छोटं यंत्र असतं. वर जात असलो की पीक-पीक करतं, जितका चढ जोरात तितकी पिकपीक वेगात. खाली पडायला लागलो की खर्जात रडतं. पाच-सहा दिवसांत मला नातीचं रडणं असंच वाचता यायला लागलं. तुटक, हळू: अर्धा मीटर, थांबा, दुर्लक्ष केलं तरी चालेल. सलग आणि चढतं: तीन मीटर प्रतिसेकंद, दूध हवं. एकच लांब खर्ज: पोटात वारा धरला. "ओव्याचा शेक," मी बाहेरच्या खोलीतून सांगायचो. मुलगी अवाक. ही म्हणाली, "तुमच्या पोरीच्या वेळेला कुठे होतात?" मी म्हणालो, मार्च एंड होता.

सोळा जूनला बारसं ठरलं, आणि अर्थातच त्या दिवशी ती हवा पडली. तशी हवा वर्षातून चार-पाचदा येते म्हणतात. सकाळी दहापासून प्रत्येक शिखरावर एकेक पांढरा ढग, पिंजलेल्या कापसाच्या गादीसारखा, खालून इस्त्री केल्यासारखा सपाट. वारा नाही. मी पाळण्याची दोरी हातात धरून उभा होतो. खिडकीतून सरोवराच्या पलीकडे, वेरिएच्या डोंगरावर, पंखच पंख. एकामागून एक वर चढत होते आणि डोंगरावर रेंगाळतसुद्धा नव्हते, थेट निघत होते. मी चोवीसपर्यंत मोजले. बाळाच्या कानात कुर्र झालं, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. जावयाची सहकारी म्हणाली, आजोबांच्या डोळ्यांत पाणी आहे. सगळ्या बायका गहिवरल्या. मी काही बोललो नाही.

आता लाडवांकडे वळणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. मुलीने बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशीच जाहीर केलं की तिच्या दाईने आहाराचा तक्ता दिला आहे आणि त्यात डिंक नाही. जावयाने एक लाडू खाल्ला, आणि पाणी मागितलं. चार किलो लाडू टाकून द्यायचे ही कल्पना हिच्या डोक्यातही येऊ शकत नव्हती. मग रोज सकाळी डोंगरावर निघताना माझ्या खिशात दोन. संध्याकाळी आल्यावर एक, दमून आलात म्हणून. एक प्लूफ झाल्यावर किती दमतात हे मी कशाला सांगू?

प्रत्येक पंखावर वजनाची मर्यादा छापलेली असते. माझ्या पंखाची ७५ ते ९५ किलो, सगळं धरून. निघालो तेव्हा मी ७५ आणि सामान १६, म्हणजे ९१. चार किलोंची गंगाजळी होती. जुलैच्या सुरुवातीला जावयाच्या न्हाणीघरातल्या काट्यावर मी एकटाच ८० भरलो. ९६. पंखावर भार वाढला की तो वेगाने उडतो, हे खरं, पण वेगाने खालीही येतो. इतके दिवस मी हवेला दोष देत होतो. आता कळलं की माझी वसुली अनुत्पादक नव्हती, माझा आस्थापना खर्च वाढला होता. मी काळजावर दगड ठेवून दोनाचा एक लाडू केला आणि आठवडाभर सरोवराकाठी चालायला लागलो.

जुलैच्या मध्याला प्रदक्षिणेचा दिवस आला. नातीला अंघोळ घालून, झोपवून, फोर्कलाला पोहोचेपर्यंत दोन वाजले. टेकऑफवर जुना प्लूफवाला मित्र होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं, खांदे उडवले. या खांदे उडवण्याचा अर्थ मी नंतर समजलो.

पण सुरुवात अशी झाली की विचारू नका. टेकऑफवरून निघालो आणि व्हेरिओ बोलायला लागला. दोन मीटर. अडीच. मी वळलो, पुन्हा वळलो. झाडं लहान झाली, खिंडीतल्या गाड्या काडेपेट्या झाल्या. दोन हजार मीटरवर, लांफोंच्या सुळक्यांच्याही वर पोहोचलो. पूर्वेला आराविसच्या रांगेवरून एक पांढराशुभ्र डोंगर वर आलेला दिसला. माँ ब्लां. टार्गेट तीन हजारांवरून पाहण्याचं होतं, पण बँकेत आम्ही ऐंशी टक्क्यांना साध्यच धरायचो, आणि इथे दोन तृतीयांश तरी झालं होतं. नोंद करायला हरकत नाही.

मग मी दक्षिणेची दरी ओलांडून रॉक दे ब्यो नावाच्या कड्याकडे निघालो. बैलांचा कडा. कागदावर माझा पंख एक मीटर खाली येईपर्यंत आठ मीटर पुढे जातो. कागदावर. समोरून दरीतला वारा, खिशात लाडू. पलीकडे पोहोचलो तेव्हा कड्याच्या कमरेइतका राहिलो होतो. तो कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळच्या उन्हात तापतो. मी पोहोचलो पावणेतीनला. ऊन कड्यावरून उठून पलीकडे गेलेलं. तिथल्या थंड सावलीत मला एकदम आमच्या काउंटरची खिडकी आठवली. दोन वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत आलेल्या माणसाला चौतीस वर्षं मी जे सांगत आलो, तेच त्या कड्याने मला सांगितलं. उद्या या.

तेवढ्यात घार दिसली. काळी घार, तीच आपली, कामशेतला असते तीच जात. आपल्याकडच्या घारीच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी 'गोविंदा' आहे, म्हणजे बारशात ज्याच्या नावाने बाळाला पाळण्यात देतात-घेतात तोच. इथल्या घारी त्यांच्या चुलतघराण्यातल्या. ऑगस्ट लागता लागता आफ्रिकेकडे निघतात, त्यांनाही मुदतीचाच व्हिसा. ती कड्याच्या टोकापाशी, उरल्यासुरल्या उन्हात, पंख न हलवता वर चालली होती. मी तिच्याखाली शिरलो. दोनशे मीटर मिळाले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. ९५ किलोंचं काही तिला परवडणारं नसावं.

समोर सेम्नोचा लांबलचक डोंगर होता. तो गाठला की अर्धी प्रदक्षिणा. नाही गाठला. मधल्या दरीत व्हेरिओ जो खर्जात गेला तो गेलाच. मी शहाणपणाने सरोवराकडे वळलो आणि सँ-जोरियोबाहेर कापलेल्या गवताचं शेत शोधलं. गवत उभं असेल तर तिथे उतरायचं नाही, तो गाईंचा हिवाळ्याचा चारा असतो, हा इथला पहिला शिष्टाचार. उतरलो, पंख पसरला गेला, आणि कुंपणापलीकडे घंटा वाजली.

आबोंदांस जातीची गाय. अंगावर तांबूस झूल, चेहरा पांढरा, आणि दोन्ही डोळ्यांभोवती तांबूस वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. ती रवंथ करत माझ्याकडे पाहत राहिली. मी आयुष्यात बरेच ऑडिटर पाहिले आहेत, पण इतक्या शांतपणे हिशेब तपासणारा पहिल्यांदाच पाहिला.

मागोमाग ट्रॅक्टरवरून शेतकरी आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला फ्रेंचचे तीन शब्द येतात: बाँजूर, मेर्सी आणि प्लूफ. मी तिन्ही एका दमात वापरले. तो हसला. आता काहीतरी द्यायला हवं, म्हणून खिशातला लाडू काढून पुढे केला. त्याने लाडू हातात घेतला, वजन पाहिलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं, आणि बोटाने विचारलं: हिला की मला?

मी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याने खाल्ला. चावत असताना त्याचे कान हलत होते. पूर्ण झाल्यावर त्याने आणखी आहे का, अशी खूण केली. बाळंतपणाच्या अख्ख्या मोसमात त्या लाडवाला मिळालेली ही पहिली मागणी. दिवसाला एक अशी माझी पथ्याची मर्यादा नसती, तर मी दुसराही खिशात ठेवला असता. त्याने मला पाठीवरच्या गाठोड्यासह बसथांब्यावर सोडलं.

राहिलेली प्रदक्षिणा माझ्या डोक्यातून जाईना. बँकेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही थोडी सजावट करायचो, तो शब्द इथे नको. पण नियमाचा आधार मला मिळाला. २००३पासून दर दोन वर्षांनी एक्स-आल्प्स नावाची स्पर्धा होते, आल्प्स पर्वत आडवा ओलांडायचा. हवेतून जमलं तर हवेतून, नाही तर पायी, पण पंख स्वतःच्या पाठीवर पाहिजे. स्वित्झर्लंडच्या क्रिगेल माउररने ही स्पर्धा २००९ ते २०२३ सलग आठ वेळा जिंकली. म्हणजे पायी चाललेलं अंतर धरतात. बाबागाडीबद्दल मी कुठे काही वाचलेलं नाही.

तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी बसने सँ-जोरियोला गेलो. त्याच शेताच्या कडेपासून, पाठीवर सोळा किलोंचा पंख, पुढे बाबागाडीत नात, सरोवराकाठच्या सायकलरस्त्याने आन्सीपर्यंत चालत आलो. वाटेत एका आजीबाईंनी आधी गाडीत पाहिलं, मग माझ्या पाठीकडे, मग डोंगराकडे, आणि सायकल थांबवून मला जे सुनावलं त्यातला एकही शब्द कळला नाही, तरी आशय स्वच्छ होता. नात झोपलेली. व्हेरिओ शांत.

बारा ऑगस्टला विमानात बसून डायरी बंद केली. हवेतले तास चाळीसपैकी अकरा. पन्नास किलोमीटरचं उड्डाण: पुढील तिमाहीत. माँ ब्लां: साध्य (टीप पाहा). कोर्स: पेन्सिल तशीच. प्रदक्षिणा: पश्चिम काठ मिश्र पद्धतीने पूर्ण, पूर्व काठ थकीत. शिवाय टार्गेटबाहेर नात एक, वजन निघताना पाच किलो दोनशे, वाढ समाधानकारक.

पंख मुलीच्या तळघरात ठेवून आलो आहे. त्यामुळे पुढच्या खेपेच्या माझ्या तेवीस किलोंवर हिने आत्ताच हक्क सांगितला आहे. तोवर कोणी मुंबईहून जिनिव्हाला जाणार असेल आणि बॅगेत दोन किलोंची जागा असेल, तर कृपया कळवावं. डिंकाचे लाडू पाठवायचे आहेत. घरी देऊ नका, तिथे कोणी खात नाही. सँ-जोरियोला उतरा, चष्मेवाल्या गाईचं कुंपण विचारा.